गरिबांचा रस्सा, सनदेसकट

मार्सेयच्या कोळ्यांनी न खपलेले काटेरी मासे किनाऱ्यावरच कढईत ढकलले आणि बुयाबेस जन्माला आली. पुढे तिचे दिवस पालटले. १९८० साली हॉटेलवाल्यांनी तिची चक्क सनद काढली: ठरलेल्या यादीतले किमान चार मासे, रस्सा वेगळा, मासे वेगळे आणि ते कापायचे गिऱ्हाइकासमोर. (न खपल्याचा उल्लेख अर्थातच नाही.) आता ती बरेचदा आदल्या दिवशी सांगून ठेवावी लागते, माणशी साठ-सत्तर युरो सहज. मित्रांची पंगत बसली की केशरी रश्श्याचं कौतुक दोन मिनिटं, बिलाची वाटणी अर्धा तास. ‘मी नुसता रस्साच घेतला’ म्हणणारा एक असतोच. त्याच्या बशीतले काटे मोजणारा दुसरा. जुन्या बंदराच्या धक्क्यावर सकाळी मासे विकणारे बहुधा घरी पिझ्झा मागवत असावेत.