सामायिक जबाबदारी, घाऊक दर

हवामानबदलावरील वाटाघाटींचा पाया मानले जाणारे तत्त्व म्हणजे १९९२ च्या रिओ परिषदेत मान्य झालेली ‘सामायिक परंतु भिन्न जबाबदारी’. पृथ्वी तापवण्याचे पाप सर्वांचे असले, तरी ज्यांनी आधी आणि जास्त धूर सोडला त्यांनी प्रायश्चित्तही आधी आणि जास्त घ्यावे, असा त्याचा अर्थ. या तत्त्वाची सर्वांत काटेकोर अंमलबजावणी जिनिव्हात नव्हे, तर अंधेरी पश्चिमेच्या टोकाला, वेसावे कोळीवाड्यात झाली आहे, हे अभ्यासकांच्या नजरेतून निसटलेले दिसते. फरक एवढाच की येथे श्रेय सामायिक असते आणि बिल भिन्न.

ऊर्जासुरक्षा, म्हणजे लागणारे इंधन अखंड आणि परवडेल अशा दरात मिळत राहण्याची हमी, हे याचे ठळक उदाहरण होय. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, तेव्हा इतरांना कोळसा सोडण्याचा उपदेश करणाऱ्या युरोपीय राष्ट्रांपैकी काहींनी स्वतःची कोळशाची वीजकेंद्रे पुन्हा कामाला जुंपली आणि त्या कृतीला ऊर्जासुरक्षा म्हटले. भारताने सवलतीतले रशियन तेल घेतले, तेव्हा मात्र त्यांना नीतिशास्त्र आठवले. इकडे त्याच वर्षी मार्चमध्ये तेल कंपन्यांनी पंपावरचा किरकोळ दर न हलवता घाऊक दर वाढवला, त्यामुळे मुंबईत मोटारवाल्याला ९४ रुपयांना मिळणारे डिझेल घाऊक ग्राहकाला १२२ रुपयांना पडू लागले. रेल्वे, एसटी आणि मोठे कारखाने ज्या रकान्यात बसतात, त्याच रकान्यात मच्छीमार सहकारी संस्थाही बसवल्या गेल्या. लोखंडवाल्यातून यारी रोडपर्यंत हवा खायला निघालेली एसयूव्ही किरकोळ ठरली आणि बर्फ, जाळी व खलाशी घेऊन दर्यात जाणारी बोट घाऊक. ज्या समुद्राच्या पोटात १९७४ साली मुंबई हायचे तेल सापडले, त्याच समुद्रावर जाण्यासाठी नाखव्याला चढा दर मोजावा लागला, हा तपशील वेगळाच.

मच्छीमारांना डिझेलवरील विक्रीकराचा परतावा मिळतो, हे खरे. परतावा म्हणजे आधी पूर्ण पैसे भरायचे आणि मग शासनाला सवड होईल तेव्हा ते परत मिळण्याची वाट पाहायची. विकसित राष्ट्रांनी २००९ साली कोपनहेगनमध्ये गरीब देशांना २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर देण्याचे वचन दिले आणि त्यांच्याच हिशेबानुसार ते २०२२ मध्ये प्रथम पाळले, तेव्हा जगभर खंत व्यक्त झाली. वेसाव्यातील मच्छीमार संस्थेच्या हिशेबनिसाला मात्र अवघा दोन वर्षांचा उशीर कौतुकास्पद वाटला असता.

आंतरराष्ट्रीय सहकार्य वेसाव्यात अवतरलेच नाही, असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. ऑक्टोबर २०१५ मध्ये वकील अफरोज शाह यांनी किनारा साफ करायला घेतला आणि पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्यांना ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ हा सन्मान दिला. त्या कार्यक्रमाचे तेव्हाचे प्रमुख एरिक सोलहाइम स्वतः किनाऱ्यावर येऊन कचरा वेचून गेले. नोव्हेंबर २०१७ मध्ये मात्र शाह यांनी मोहीम काही काळ थांबवली, कारण स्वयंसेवकांना त्रास होत होता आणि गोळा केलेला कचरा वेळेवर उचलला जात नव्हता. नैरोबीतील मुख्यालयातून पाहुणा येतो, पण पालिकेचा कचऱ्याचा डंपर येत नाही, हे जागतिक सहकार्याचे खरे भूगोलशास्त्र आहे. सोलहाइम यांनीही पुढे २०१८ मध्ये राजीनामा दिला. अंतर्गत लेखापरीक्षणात ते ६६८ दिवसांपैकी ५२९ दिवस प्रवासात असल्याचे आणि त्यावर सुमारे पाच लाख डॉलर खर्च झाल्याचे आढळले होते. उंटावरून शेळ्या हाकण्याची परंपरा जुनी असली, तरी विमानातून कर्बउत्सर्जन हाकण्याचा हा प्रयोग अभिनव म्हणावा लागेल.

मुंबई महापालिकेने मार्च २०२२ मध्ये ‘सी-४०’ या जागतिक महानगरांच्या गटाच्या साहाय्याने हवामान कृती आराखडा जाहीर केला आणि २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे, म्हणजे जितका कर्ब सोडू तितकाच शोषून घेण्याचे, उद्दिष्ट ठेवले. कर्ब शोषण्यात आणि भरतीचा मार सोसण्यात तिवरांचा हात धरणारे झाड क्वचितच सापडेल. त्याच महापालिकेला वेसाव्यापासून उत्तरेकडे भाईंदरपर्यंत जाणाऱ्या सागरी रस्त्यासाठी अशी ४५ हजारांहून अधिक झाडे बाधित करण्याची परवानगी उच्च न्यायालयाकडून डिसेंबर २०२५ मध्ये मिळाली. बदल्यात तिप्पट रोपे अन्यत्र लावली जातील. भरतीच्या पाण्यालाही तो नवा पत्ता कळवला जाईल, अशी अपेक्षा.

उरतो तो २०२२ च्या शर्म अल-शेख परिषदेत ठरलेला ‘हानी व नुकसान’ निधी, म्हणजे ज्या आघातांशी जुळवून घेणे शक्य नाही त्यांच्यासाठीची मदत. बोंबील कमी मिळतो तो समुद्र तापल्यामुळे, खाडीतल्या सांडपाण्यामुळे की पर्ससीन जाळ्यांमुळे, याचा शास्त्रीय पुरावा वेसाव्याला द्यावा लागेल, मग अर्ज योग्य मार्गाने दिल्लीस, तेथून पुढे निधीच्या मंडळाकडे जाईल. तोवर डिझेलचे पैसे आगाऊ भरावेत, ही अट मात्र आजवर कोणत्याही परिषदेत वादग्रस्त ठरलेली नाही.