माळ्यावर काही नाही

कोथरूडमध्ये सध्या इमारती पाडण्याचा हंगाम आहे. तीन मजली, बिनलिफ्टच्या जुन्या सोसायट्या एकेक करून पत्र्याआड जातायत आणि पत्र्यावर उंच टॉवरचं चित्र झळकतंय. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९-अ खालच्या २०१९ च्या निर्देशांनुसार पुनर्विकासाला एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती पुरते. त्यामुळे पार्किंगच्या रेषेवरून वर्षानुवर्षं एकमेकांशी न बोललेले शेजारी एकाच ठरावावर सह्या करून मोकळे झालेत. बिल्डर भाडं देतो, दलाली देतो आणि जाण्या-येण्याच्या शिफ्टिंगचे पैसेही देतो. आजचा मजकूर या तिसऱ्या रकमेबद्दल.

भाड्याचं घर अर्थातच याच भागात हवं असतं. डॉक्टर इथले, भाजीवाला इथला, भजनी मंडळ इथलं. म्हणजे सामान जाणार कुठून कुठे, तर कर्वे पुतळ्यापासून डहाणूकर कॉलनीपर्यंत. ‘दोनच किलोमीटर तर आहे हो!’ हे वाक्य पॅकर्स-मूव्हर्सवाला दिवसातून इतक्या वेळा ऐकतो की त्याच्या चेहऱ्यावरची माशीही हलत नाही. गावातल्या गावात डिझेलला लागतं किती? पैसे पडतात ते जिन्याचे, खोक्यांचे, माणसांचे आणि टेम्पो दारापासून किती लांब उभा राहणार याचे. तिसऱ्या मजल्यावरून डबल डोअरचा फ्रिज खाली आणणाऱ्याला, पुढे टेम्पो दोन किलोमीटर जाणार की वीस, याचं सोयरसुतक नसतं.

भाव काढायची पद्धतही पाहण्यासारखी. एखाद्या ॲपवर नंबर टाकला की दहा मिनिटांत सगळ्या महाराष्ट्रातले मूव्हर्स आपल्याला ओळखू लागतात. त्यांतल्या निम्म्यांची नावं कुठल्यातरी नावाजलेल्या कंपनीच्या नावात एखादं अक्षर वाढवून किंवा मागे ‘ओरिजिनल’ लावून तयार झालेली असतात. ‘ओरिजिनल’ लिहावं लागतं तिथे काय समजायचं ते पुणेकराला सांगायला नको. मिसळीच्या दुकानांनी त्याला पुरेसं शिकवलंय.

मग व्हिडिओ कॉलवर सर्व्हे. पलीकडे एक मुलगा, अलीकडे काकू आणि त्यांच्या मागे सूचना करणारे काका.

“मॅडम, किती खोके होतील अंदाजे?”

“फार काही नाही रे. आम्ही दोघंच असतो.”

“माळा आहे का? जरा वर दाखवता?”

“माळ्यावर काही नाही.”

आणि कॅमेरा झटकन सोफ्याकडे वळतो.

माळ्यावर काय असतं? लग्नातली पितळी पातेली. आहेरात आलेले, खोक्यातून कधीही बाहेर न पडलेले लेमन सेट. संक्रांतीला लुटून उरलेल्या वाट्या. ‘मोटर चांगली आहे’ म्हणून ठेवलेला मिक्सर. सध्या टेक्सासला असलेल्या मुलाच्या बारावीच्या नोट्स. थर्मोकोलचं मखर, कारण २०१८ साली राज्यात थर्मोकोलवर बंदी आली आणि ते टाकायचं कुठे हा प्रश्न अजून सुटलेला नाही. शिवाय टीव्हीचा, वॉशिंग मशीनचा आणि आधीच्या टीव्हीचा रिकामा खोका. रिकाम्या खोक्यांचं समर्थन ठरलेलं: घर बदलताना लागतील. प्रत्यक्ष घर बदलताना ते दमटपणाने इतके मऊ पडलेले असतात की मूव्हर्सवाला त्यांना हात लावत नाही.

आता पलीकडच्या मुलाला हे कळत नाही असं समजू नका. रोज घरं बघणारा तो. पंचवीस खोके सांगितले की पंचेचाळीस निघतात, हे त्याला पाठ असतं. पण त्याने पंचेचाळीस लिहिले तर आकडा वाढणार, काका ‘कळवतो’ म्हणणार आणि पंचवीस लिहिणाऱ्या पुढच्या कंपनीकडे जाणार. म्हणून तोही पंचवीसच लिहितो आणि वर गोड आवाजात सांगतो, “सर, हिडन चार्जेस काहीच नाहीत.” एकाने माळा लपवायचा, दुसऱ्याने बिल लपवायचं आणि दोघांनी मिळून त्याला कोटेशन म्हणायचं. दोन्ही पक्ष एकमेकांना ओळखून असल्याने हा व्यवहार अत्यंत सौहार्दाचा असतो. म्हणजे सामान टेम्पोत चढेपर्यंत.

तारखेची गंमत निराळीच. महिनाअखेर, त्यातून शनिवार-रविवार, म्हणजे भाव चढलेलाच. मुहूर्त असेल तर आणखी. पितृपक्षात हेच टेम्पोवाले मोकळे बसलेले असतात आणि स्वस्तात यायला तयार असतात, पण तेव्हा सामान हलवायचं म्हटलं तर घरातले पूर्वजांच्या आधी आपल्यालाच पाणी सोडतील. पुनर्विकासात तर अख्ख्या इमारतीला एकच शेवटची तारीख. सहा महिने ‘बघू’ म्हणणारी सगळी बिऱ्हाडं शेवटच्या आठवड्यात एकदम निघतात आणि बोळात एकामागे एक टेम्पो लागतात. त्यात नव्या सोसायटीचा नियम: शिफ्टिंग दहा ते पाच, रविवारी बंद, सामान फक्त मागच्या लिफ्टने, अनामत आधी. हे पत्रक वॉचमनकडे असतं आणि तो ते टेम्पो आल्यावरच वाचून दाखवतो.

तर ठरलेल्या दिवशी सुपरवायझर माळा उघडतो. क्षणभर वर बघतो. “काका, हे कोटेशनमध्ये नव्हतं.”

काका चिडतात, पण तो खोटं बोलत नसतो. एसी काढायला येणारा टेक्निशियनही कोटेशनमध्ये नव्हता. वॉटर प्युरिफायर, भिंतीत ठोकलेला टीव्ही, स्क्रू उघडून सुटा करायचा बेड, पाचनंतर थांबावं लागलं तर त्याचे पैसे, यातलं काहीच नव्हतं. फ्रंट लोड वॉशिंग मशीनबरोबर वाहतुकीचे बोल्ट आलेले असतात. आतलं ड्रम हलू नये म्हणून हलवण्याआधी ते परत बसवायचे असतात. ते कुठे आहेत हे घरात कोणालाच माहीत नसतं. मिक्सरची मोटर मात्र चार पिढ्यांना पुरेल अशी जपलेली. काही महाभाग तर टेम्पो नव्या दारात उभा करून वाढीव रकमेवर अडून बसतात: आधी पैसे, मग सामान खाली. ही सरळ अडवणूक आहे आणि तिला तसंच म्हणायला हवं. पण लेखी यादी हातात असली तर आपल्याला भांडता येतं. ‘माळ्यावर काही नाही’ म्हणणाऱ्याने भांडायचं कशाच्या जोरावर?

कागदाचा विषय निघालाच आहे तर बिलाचंही बघू. “बिल हवं असेल तर अठरा टक्के जीएसटी पडेल सर,” असं म्हटलं की आयुष्यभर बँकेत दुसऱ्यांचे कागद तपासलेले काकाही ‘राहू दे बिल’ म्हणतात. रस्त्याने मालवाहतूक करणाऱ्यांसाठी २००७ चा कायदा आहे. मालाची जास्त किंमत आधी लेखी सांगितलेली नसेल तर नुकसानीची जबाबदारी साधारण वाहतुकीच्या भाड्याच्या दहापटीपर्यंतच जाते, आणि दावा लावायचा तर बुकिंगपासून १८० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. आता भाडं काय ठरलं होतं हे दाखवायलाच कागद नसेल, तर दहापट कशाची करणार? टेम्पो आणि ड्रायव्हर दोघं तोवर तिसऱ्याच कंपनीच्या नावाने हिंडत असतात. पावती मागा, माल ‘मालकाच्या जोखमीवर’ असल्याचा शिक्का तिच्यावर आहे का बघा, विमा घ्यायचा तर तो कशाकशाला लागू नाही हे आधी विचारा. कंटाळवाणं आहे, मान्य. काचेचं कपाट फुटल्यावर मनोरंजक होतं.

या सगळ्यात ज्याच्याशी कोणीच भाव करत नाही तो माणूस म्हणजे पाठीवर पट्टा टाकून लोखंडी कपाट उतरवणारा. डोक्यावर-पाठीवर ओझं वाहणाऱ्यांसाठी १९६९ साली माथाडी कायदा करणारं हे राज्य, आणि त्यासाठी लढलेले अण्णासाहेब पाटील इथलेच. कंपनीचा टी-शर्ट घातलेल्या या पोराला त्यातलं काय मिळतं, असा प्रश्न जिन्यात कोणाला पडत नाही. त्याला मिळतं ते प्रत्येक वळणावर वरून येणारं “सांभाळून हं!” कपाटाला उद्देशून.

करायचं काय, ते अगदीच साधं आहे. आधी भंगारवाला, मग मूव्हर्स. हा क्रम उलटा झाला की आपण भंगाराला बबल रॅप गुंडाळतो, वर नगावर पैसे मोजून ते नव्या घरी नेतो. कॅमेरा माळ्यावर फिरवा, पोटमाळ्यावर फिरवा, पलंगाखाली फिरवा. लाज वाटली तर वाटू दे. दोन्हीकडचे मजले, लिफ्ट, टेम्पो उभा राहायची जागा, काय काय सुटं करायचं आणि ते कोणी, हे सगळं यादीत येऊ दे. देव, दागिने आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आपल्या मांडीवर. गॅसचा सिलिंडर शहाणा मूव्हर्सवाला घेत नाही. घेतो म्हणाला तर सामानही त्याला देऊ नका.

आणि खोक्यांवर नावं नीट लिहा. सध्याची पद्धत अशी: किचन, किचन, देवघर, इतर, इतर, इतर, इतर. हे ‘इतर’ भाड्याच्या घरात उघडायचंच नाही, असं बहुतेक बिऱ्हाडांनी ठरवलेलं दिसतं, कारण परत यायचंच आहे. म्हणून दोन माणसांसाठी तीन बेडरूमचं घर घेतलं जातं आणि तिसऱ्या खोलीत छतापर्यंत ‘इतर’ रचलं जातं. मिक्सरची मोटर, थर्मोकोलचं मखर आणि बारावीच्या नोट्स आता डहाणूकर कॉलनीत स्वतंत्र खोली, स्वतंत्र पंखा आणि संलग्न बाथरूम घेऊन राहतात. भाडं बिल्डर भरतो.