चहा धरून

करार झाला की आधी फोटो निघतो, मग मखमली फोल्डर येतं आणि सगळ्यात शेवटी कुणाला तरी आठवतं की पैशाचं बोलणंच राहिलंय. विद्यापीठ-उद्योग आंतरराष्ट्रीय भागीदारी म्हणतात ती हीच. पैशाचा नियम बहुतेक ठिकाणी सरळ असतो: ज्याने त्याने आपल्या तिजोरीतून आपल्या माणसाला द्यायचे. तिकडचा युरो इकडे येत नाही, इकडचा रुपया तिकडे जात नाही. ये-जा करतात ते फक्त प्राध्यापक.

पण अनुदानाच्या अर्जात एक रकाना असतो, उद्योगाचा वाटा. रोख नसेल तर ‘वस्तुरूप’ चालेल, असं त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. सोलापुरात रोख कुणाकडे आहे? म्हणून वस्तुरूप. एका कॉलेजच्या अशाच अर्जासाठी पूर्व भागातल्या अण्णा नावाच्या एका कारखानदारांचं पत्र हवं होतं आणि ते इंग्रजीत करून द्यायला मला बोलावलं होतं. अण्णांचे बारा माग. टॉवेल काढतात, पूर्वी चादर काढायचे. खटाखट आवाजात ओरडून बोलायची सवय, त्यामुळे ऑफिसातही ओरडूनच बोलतात.

प्राध्यापकांनी तक्ता तयारच आणला होता. मागाचा वापर 4 लाख 80 हजार. जागा 2 लाख 40 हजार. जॉबरचा वेळ 2 लाख 16 हजार. सूत दीड लाख. पाणी 36 हजार. चहा 18 हजार. एकूण 11 लाख 40 हजार.

अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला. “सर, हे मी द्यालोय का घ्यालोय?”

“देताय. पण खिशातून काही जात नाही.”

“मग दिलं कसं?”

यावर प्राध्यापक म्हणाले, तेच तर वस्तुरूप.

अर्ज गेला. तीन आठवड्यांनी तिकडच्या भागीदाराकडून शंका आली. मागाबद्दल नाही, सुताबद्दल नाही, चहाबद्दल. दोन वर्षं, महिन्याला 75 कप, म्हणजे 1,800 कप, दर दहा रुपये. युरो शंभराच्या घरात धरला तर कप पडतो दहा सेंटला. दहा सेंटला चहा कसा असू शकतो? आमच्याकडे कॉफीला तीन युरो लागतात, तुमचा अंदाज वास्तवाला धरून दिसत नाही, कृपया सुधारित आकडा पाठवावा. प्राध्यापकांच्या चेहऱ्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा निखळ आनंद पाहिला. कारण उद्योगाचा वाटा जेवढा मोठा, अनुदानाची मागणी तेवढी वाढवता येते. 1,800 कप गुणिले तीन युरो म्हणजे 5,400 युरो, म्हणजे 5 लाख 40 हजार रुपये. चहा मागापेक्षा महाग झाला! अण्णांच्या कारखान्यातलं सगळ्यात किमती यंत्र आता कोपऱ्यावरच्या टपरीतली किटली. एकूण वाटा 16 लाख 62 हजारांवर गेला. मग प्राध्यापकांना सुचलं की पाहुण्यांबरोबर खारी असते, खारी धरलीच नाही. मग शेंगाचटणी. मग जानेवारीत गड्ड्याची यात्रा असते, पाहुणे त्याच वेळी आले तर हुरडा होणारच. हुरड्याचा युरोपातला दर कुणालाच ठाऊक नव्हता, म्हणून त्याची समिती नेमायचं ठरलं, आणि समितीच्या बैठकीला पुन्हा चहा आला, तोही तीन युरोचा.

इथपर्यंत मी हसत होतो. मग माझं लक्ष जॉबरच्या, म्हणजे माग जुळवणाऱ्या मिस्त्रीच्या, ओळीकडे गेलं. 2 लाख 16 हजार भागिले चोवीस, म्हणजे महिन्याला नऊ हजार. या आकड्याबद्दल तिकडून कुणी शंका काढली नाही. दहा सेंटचा चहा खोटा वाटला, नऊ हजारांचा माणूस खरा वाटला. हा माणूस अठ्ठावीस वर्षं मागांमध्ये उभा आहे. पाठमोरा असतानाही आवाजावरून सांगतो की चार नंबरचा धागा आता तुटणार, आणि तुटतो. प्रकल्पाच्या पुस्तिकेत मात्र ‘ज्ञान हस्तांतरण’ या शीर्षकाखाली एक जाड बाण आहे, तो तिकडून निघून सोलापूरकडे येतो. उलटा बाण छापायला शाई कमी पडली असावी. आणि ते 36 हजारांचं पाणी! नळाला चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी येतं, तेही रात्री अडीचला, बायका हंडे घेऊन जागतात, तिकडे उजनी धरण भरल्याच्या बातम्या छापून येतात आणि इथे आम्ही पाण्याचं ‘योगदान’ देतोय. कुठलं पाणी? कुणाचं?

ज्ञान तिकडून आलं नाही असंही नाही. जेकार्ड तिकडचंच. फ्रान्सातल्या लियाँ शहरात एका विणकराच्या मुलाने 1804 साली पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडून माग चालवला. पुढे सरकारने ते यंत्र सगळ्यांसाठी खुलं केलं आणि त्याला पेन्शन बांधून दिली, शिवाय प्रत्येक मागामागे काही रक्कम. तिथल्या विणकरांनी धसका घेऊन यंत्रं फोडली, हा भाग वेगळा. त्याच भोकांवरून फिरत फिरत सोलापुरी चादरीवर मयूरपंख उतरला, त्या चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि आता पानिपतची नक्कल तिचंच नाव लावून निम्म्या भावात आमच्याच स्टेशनबाहेर विकली जाते. यावर संशोधन करायला मात्र भागीदार मिळत नाही.

असो. गेल्या महिन्यात तिकडचे पाहुणे आले. सोबत हिशेब तपासणीस. चहाची पावती मागितली. टपरीवाल्याकडे पावती कुठली? अण्णांनी कपाटामागून जेकार्डचं एक जुनं कार्ड काढलं. पाठीवर बॉलपेनने पाच-पाचचे गठ्ठे पाडून आडव्या-उभ्या रेघा, महिनावार. उधारीचा हिशेब ते अशाच कार्डांवर ठेवतात, पुठ्ठा चांगला आहे म्हणून.

तपासणीसाने ते खिडकीकडे धरलं. भोकांतून ऊन त्याच्या शर्टावर पडलं. बराच वेळ त्याने ते उलटंसुलटं पाहिलं आणि विचारलं, याच्यातून कुठली नक्षी निघते?

मी भाषांतर केलं.

अण्णा म्हणाले, “पूर्वी मोर निघायचा. आता चहा निघतो.”