टाकीजभाऊ

टाकीजभाऊंनी शेवटपर्यंत पाहिलेला सिनेमा एकच. बाकी सगळे त्यांनी शेवट सोडून पाहिलेत, आणि तरीही भातकुलीत सिनेमाबद्दल शेवटचा शब्द त्यांचाच असतो. असा माणूस वऱ्हाडातल्या प्रत्येक गावात पानठेल्याजवळ सापडतो. दर्यापुरात त्याला शिनेमावाले काका म्हणत असतील, मूर्तिजापुरात नुसतंच बच्चन. मी सांगतोय तो भातकुलीचा नमुना. एक खर्रा घोटून होईपर्यंत हा माणूस तीन तासांचा पिच्चर सांगून मोकळा होतो. खर्रा तोंडात गेला की उरलेलं परीक्षण हातवाऱ्यांनी.

शेवट राहून जायचा त्याला कारण एसटी. भातकुलीकराला टाकीज म्हणजे अमरावती. तूर-मूग घेऊन सकाळी बाजार समितीत जायचं, मापं होऊन पैसे हाती पडेपर्यंत दिवस कलायचा, मग सहाचा खेळ. तो सुटायचा नऊच्या पुढे आणि गावाकडची मुक्कामी गाडी त्याआधीच स्टँडवरून हलायची. त्यामुळे खलनायकानं हीरोच्या मायला खांबाला बांधलं की भाऊ पायाशी ठेवलेली पिशवी उचलत. अमिताभ, मिथुन, सनी देओल, सगळ्यांना त्यांनी ऐन संकटात एकटं टाकून गाडी पकडलेली आहे.

पण इकडे पारावर मंडळी वाट पाहत बसलेली. त्यांना शेवट सांगितल्याशिवाय सुटका नव्हती. म्हणून गाडी रस्त्याला लागली की भाऊ शेवट रचायला घेत आणि गाव येईपर्यंत तो तयार असे. त्यांच्या शेवटात मारामारी फारशी नसायची. खलनायकाची सातबाऱ्यावरची बोगस नोंद निघायची, तलाठी निलंबित व्हायचा, पोराचं लग्न बिनहुंड्याचं लागायचं आणि सोसायटीचं कर्ज फिटायचं. पुढे टीव्हीवर तेच सिनेमे दिसू लागले तेव्हा गावातल्या म्हाताऱ्यांनी खरे शेवट पाहून तक्रार केली की टीव्हीवाले पिच्चर कापून दाखवतात.

अमरावतीतले राजकमल, चित्रा, प्रभात, सरोज हे चौक आजच्या पोरांना ऑटोवाल्याला सांगायचा पत्ता वाटतात. भाऊंना ती टाकीजं आहेत, आणि प्रत्येकापासून स्टँडपर्यंत पळायला किती वेळ लागतो तेही पाठ आहे. धंद्याची माहितीही कमी नाही. सिनेमाच्या व्यापारात आजही या मुलखाला सीपी-बेरार म्हणतात, हे ते नव्या माणसाला आवर्जून सांगतात. "1956 साली सरकारनं बेरार उचलून मुंबई राज्यात टाकलं. पिच्चरवाल्यानं नाही तोडलं बाप्पा! त्याच्या वहीत आपून अजून बेरारातच हावो." वेगळ्या विदर्भाचा प्रश्न इतक्या स्वस्तात सुटलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

आता त्यांच्या समीक्षेविषयी. पेपरातले समीक्षक अभिनय, छायाचित्रण, पटकथा असलं काहीबाही पाहतात आणि तारे देतात. भाऊ पडद्याचा मागचा भाग पाहतात. हीरो पुढे नाचत असतो, यांची नजर मागच्या शेतावर. "सोयाबीन पिवळा पडून राह्यला, अन् हा नाचून राह्यला!" भातकुली खारपाणपट्ट्यात आहे. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला हा पट्टा. जमीन काळीभोर, पण खालचं पाणी खारं. विहीर खणली तरी ओलिताला कामाची नाही. तेव्हा पडद्यावर नायिका घागर घेऊन विहिरीवर आली आणि गाणं सुरू झालं की भाऊंचा पहिला प्रश्न, पाणी गोडं हाये का? गोडं असेल तर सिनेमा पश्चिम महाराष्ट्राचा, आपल्या कामाचा नाही. खाऱ्या विहिरीवर कोणी गाणं म्हणत नाही, हा त्यांचा सिद्धांत आहे आणि तो खोडून काढणं मला अजून जमलेलं नाही. 'स्वदेस'मध्ये शाहरुख खान गावात पाण्यावर वीज तयार करतो. सगळं टाकीज रडत होतं म्हणे. भाऊ म्हणाले, "वीज केली, चांगलं केलं. डिमांड कोनाच्या नावानं भरली?"

'लगान' 2001 साली आला तेव्हा त्यांची परीक्षाच होती. पावणेचार तासांचा सिनेमा, म्हणजे नेहमीपेक्षाही आधी उठावं लागणार. सामना तीन दिवसांचा; भाऊंनी तिसऱ्या दिवसाचा खेळ सुरू व्हायच्या आत टाकीज सोडलं. भुवनचा शेवटचा फटका त्यांनी कधी पाहिला नाही. भातकुलीत मात्र त्या रात्री 'लगान'चा शेवट असा झाला: मोठा साहेब आला, त्यानं शिवारफेरी केली, आणेवारी पन्नास पैशांच्या आत निघाली आणि सारा माफ. क्रिकेटचं काय झालं असं एका पोट्ट्यानं विचारलं. "अबे, आणेवारी निघाल्यावर क्रिकेट कायले पाह्यजे? पह्यलेच काढली असती त पिच्चर अर्ध्या घंट्यात सुटला असता, मले गाडीबी भेटली असती." सरकारी भाषेत तिला आता पैसेवारी म्हणतात, पण पन्नासच्या आत की बाहेर यावर ज्यांचं वर्ष ठरतं त्यांना नावाशी घेणंदेणं नसतं. आमिर खानला ही बाजू कोणी सुचवली नाही, हे खरं.

'मदर इंडिया'तल्या सुखीलालाबद्दलही त्यांचं म्हणणं साधं आहे. अर्ज जिल्हा उपनिबंधकाकडे करायला पाहिजे होता. तो सिनेमा 1957 चा आणि महाराष्ट्राचा सावकारी कायदा 2014 चा, हे मी सांगून पाहिलं. "म्हनून त पोराले गोळी घालाची पाळी आली," भाऊ म्हणाले. खालमानेनं मी चहा मागवला.

'पुष्पा' मात्र त्यांना मनापासून आवडला. एक तर हिंदीतला आवाज श्रेयस तळपदेचा, म्हणजे अर्धा पुष्पा आपलाच. दुसरं म्हणजे तो भाव विचारत नाही, सांगतो. पहिल्या भागात मधला माणूस आपल्याला किती देतो आणि पुढे चेन्नईला किती घेतो हे कळल्यावर पुष्पा थेट चेन्नईच्या व्यापाऱ्याकडे जातो. तिथे भाऊंनी मोबाइल थांबवून पानठेल्यावरच्या सगळ्यांना तो प्रसंग दोनदा दाखवला. अडत्या गाळून थेट विक्री! चोरीचा माल आहे ही बाब त्यांच्या लेखी दुय्यम. दुसरा भाग डिसेंबर 2024 मध्ये आला. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये होता आणि बाजारात त्याहून कमी मिळत होता. हीरोला पाहून पोरं शिट्ट्या मारत होती, भाऊ मनात रक्तचंदनाचा आणि सोयाबीनचा हिशेब मांडत होते. "मान खाली घालत नाही म्हनते. आपल्याले मापाच्या वक्ताले काट्याकडं पाहा लागते ना, मान आपोआपच खाली जाते."

'छावा'च्या वेळी अमरावतीत माणसं डोळे पुसत बाहेर पडली. भाऊंची अडचण वेगळीच. सिनेमा बऱ्हाणपूरवरच्या छाप्यानं सुरू होतो, आणि बऱ्हाणपूर म्हणजे परतवाडा, सेमाडोह, धारणी करत जायचं गाव. "एवढे घोडे आले कुठून? घाटातून त एसटी चढत नाही." विकी कौशलच्या वाट्याला एवढंच आलं.

घरात मात्र भाऊंचं चालत नाही. तिथली समीक्षा वहिनींकडे आहे आणि ती जास्त कडक आहे. 2016 मध्ये 'माझ्या नवऱ्याची बायको' सुरू झाली तेव्हा राधिका नागपूरची आहे म्हटल्यावर आळीतल्या सगळ्या बाया आठ वाजता हात धुऊन बसत. आपल्याकडचं बोलणं मालिकेत येतं ते एरवी नोकराच्या किंवा वेंधळ्या पाहुण्याच्या तोंडी. इथे ते नायिकेच्या तोंडी होतं. भाऊंनी गुरुनाथवर काही मत द्यायला तोंड उघडलं की वहिनी आवाज वाढवत. राधिकेनं मसाल्याचा धंदा काढून कंपनी उभी केली तेव्हा भाऊ म्हणाले, असं कुठं होते का. वहिनींनी टीव्हीवरची नजर न काढता उत्तर दिलं, "नवऱ्यानं हिशेब कराले दिला त होते." 'चला हवा येऊ द्या'मध्ये भारत गणेशपुरे आले की मात्र दोघांचं एकमत. गणेशपुरे अमरावतीकडचे, म्हणून भाऊ त्यांना 'आपला भारत' म्हणतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, देशाबद्दल बोलताहेत.

शेवटपर्यंत पाहिलेला तो एक सिनेमा म्हणजे सतीश मनवरचा 'गाभ्रीचा पाऊस', 2009 चा. गिरीश कुलकर्णी कापूस पेरणारा किसना, सोनाली कुलकर्णी त्याची बायको अलका. शेजारी कोणीतरी जीव दिलेला, म्हणून ती बाई धास्तावून नवऱ्यावर डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवते, पोरालाही त्याच्या मागे लावते, आणि किसनाला कळत नाही की आज घरी पुरणपोळी कशासाठी. विनोदी आहे बऱ्यापैकी. भाऊ त्यातलं पेरणीचं सगळं सांगतात, बियाण्याच्या पिशवीसकट. दुबार पेरणी आली की थांबतात. "इथवर बरोबर दाखोलं. म्होरचं तू पाह्य." या एकाच सिनेमाचा शेवट त्यांना ठाऊक आहे आणि याच्यासाठीच त्यांनी दुसरा रचलेला नाही. असो.

हल्ली सगळं मोबाइलवर आहे, गाडी चुकायचं भय नाही, तरी सवय जात नाही. शेवटचा भाग आला की भाऊ उठतात, गोठ्यात चक्कर मारतात, नाहीतर झोपतात. 'पंचायत' त्यांनी असाच पाहिला. पहिल्या भागालाच ठरवून टाकलं की ही कथा संपूर्ण काल्पनिक आहे, कारण त्यातला सचिव गावात मुक्कामी राहतो. "पंचायतीच्या खोलीतच झोपते! आपल्या इथी ग्रामसेवक मुख्यालयी राहावा म्हनून किती निवेदनं देल्ली?" प्रधान बाई आणि कारभार नवऱ्याच्या हाती, यावर मात्र त्यांनी चकार शब्द काढला नाही, वहिनी ऐकत होत्या.

चौथ्या सीझनला, जून 2025 मध्ये, फुलेऱ्याची निवडणूक आली. मतमोजणीच्या तोंडावर भाऊ उठून गेले आणि दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर मंजूदेवी दणक्यात निवडून आल्याचं जाहीर झालं. विजयी मिरवणुकीत गुलाल किती उधळला तेही सांगून झालं. तेवढ्यात एका कॉलेजच्या पोट्ट्यानं मोबाइल पुढे धरला. "भाऊ, मंजूदेवी पडली ना. क्रांतीदेवी आली."

भाऊंनी मोबाइलकडे पाहिलं नाही. खर्ऱ्याची पुडी सोडत म्हणाले, "थे मतमोजनी झाली. फेरमोजनीचा अर्ज देल्ला हाये त्यायनं."