भावी सभापतींचा लाल दिवा

भीमेच्या एका काठाला शिरूर, दुसऱ्या काठाला दौंड. लोकसभेला शिरूरकर शिरूरसाठी मत देतो आणि दौंडकर बारामतीसाठी. पण 'भावी' नावाचं पीक दोन्ही काठांवर उसाइतकंच जोमदार येतं. न्हावऱ्याच्या चौकात बघा नाहीतर चौफुल्याला: भावी सरपंच, भावी सभापती, भावी झेडपी सदस्य हात जोडून फ्लेक्सवर उभे. त्यातल्याच एका भावी सभापतींना गावात सगळे नुसतं 'भाऊ' म्हणतात.

भाऊंचा फ्लेक्सवरचा फोटो 2021 सालचा. फ्लेक्सवाल्या पोराने त्याच वेळी गाल गुळगुळीत केले, डोळ्यांखालचं काळं पुसलं, रंग चांगला दोन पट्ट्या वर चढवला. निवडणूक वेळेवर झाली असती तर एवढ्यावर भागलं असतं. पण मार्च 2022 मध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपली, प्रशासक बसले, ओबीसी आरक्षणाचा वाद सुप्रीम कोर्टात अडकला आणि निवडणूक लांबतच गेली. फ्लेक्सवरचे भाऊ होते तिथेच राहिले. फ्लेक्सखाली चहा पिणारे भाऊ मात्र सकाळी दशक्रिया, दुपारी साखरपुडा आणि संध्याकाळी बैलगाडा शर्यत अशी हजेरी लावत उन्हात रापत राहिले. टोपी नाही, कारण टोपीने भांग मोडतो. एके दिवशी लग्नात एका म्हातारीने त्यांना थांबवून कौतुकाने विचारलं, "फलकावर फोटू हाय ते तुमचं धाकलं व्हय?"

त्या रात्री भाऊंनी ऑनलाइन लाल दिव्याचा मास्क मागवला. मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे 1 मे 2017 पासून उतरले. भाऊंच्या घरी लाल दिवा त्यानंतर आला.

मास्क म्हणजे सिलिकॉनचा मऊ मुखवटा. आतल्या बाजूला बारीक दिव्यांच्या रांगा, मागे पट्टे, बाजूला लोंबणारं बटण. मिशीवर तो नीट बसत नाही, म्हणून भाऊ आधी मिशी बोटाने खाली दाबतात, मग पट्टा ओढतात. दिवे लागले की नाकपुड्यांच्या भोकांतून तांबडा उजेड बाहेर येतो. पहिल्याच दिवशी भाऊंनी कंपनीला फोन लावून दम दिला, "अर्धे दिवे उडालेत तुमचे!" उडाले नव्हते. लाल उजेड साधारण 630 ते 660 नॅनोमीटरचा, तो दिसतो. शेजारचे दिवे 830-850च्या आसपासचे, अवरक्त. ते लागलेले असले तरी डोळ्याला जवळजवळ दिसत नाहीत. काम करूनही न दिसणारी गोष्ट असू शकते, हे भाऊंच्या राजकीय अनुभवात बसेना.

पोल्ट्रीवाल्या चुलतभावाने बघितल्या बघितल्या निकाल दिला, "हे तर आपलं ब्रूडर! पिल्लांना लावतो ते." भाऊ चिडले. तसं ते चूकच आहे. पिल्लांवरचा बल्ब ऊब देतो. या दिव्याचं काम उबेचं नाही. पेशीतली ऊर्जा तयार करणारी यंत्रणा हा उजेड शोषून घेते आणि त्वचेच्या दुरुस्तीला चालना मिळते, असं शास्त्रज्ञ मानतात. बुडापेस्टच्या एंद्रे मेस्टर यांनी 1967 साली भादरलेल्या उंदरांवर लेझरचा लाल प्रकाश सोडला, तर केस लवकर उगवले. हे वाचल्यापासून भाऊ मास्क थोडा वर सरकवून टाळूपर्यंत नेतात. नासाने असे लाल एलईडी अंतराळात रोपं वाढवायला वापरले, हेही त्यांनी पारावर सांगितलं. त्यावर कोणीतरी म्हणालं, "मग कांद्याला लावा की. भाव तरी यील."

घरच्यांना मास्कचा फायदा झाला, तो वेगळाच. दहा मिनिटं भाऊ बोलत नाहीत. आपोआप बंद होईपर्यंत खुर्चीत डोळे मिटून बसतात आणि तेवढ्यात वहिनी टीव्हीवर हवं ते लावतात. एका संध्याकाळी नवा कार्यकर्ता आत आला, अंधारात तो तांबडा मुखवटा बघून दचकला, बिबट्या बरा असं त्याला वाटलं असावं. तरी सवयीने पाया पडला.

शेवटी भाऊ त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, बारीक सुरकुत्या आणि मुरुमांना थोडा उपयोग होतो, तोही काही आठवडे नेमाने केलं तर. रंग याने उजळत नाही. गालावर हा वांग दिसतोय, तो उष्णतेने आणि उजेडाने उलट गडद होऊ शकतो. काही गोळ्यांनी कातडी उजेडाला हळवी होते, त्या चालू असतील तर विचारल्याशिवाय दिवा लावू नका. दिवसभर ऊन खाऊन रात्री दिवा लावण्यापेक्षा सनस्क्रीन लावा आणि टोपी घाला. फी घेऊन टोपी घाला सांगणारा डॉक्टर भाऊंना पटला नाही.

मग ऑक्टोबर 2025 मध्ये आरक्षणाची सोडत निघाली आणि भाऊंचा पंचायत समितीचा गण महिलांसाठी राखीव झाला. भाऊ दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी वहिनींना फोटो काढायला नेलं. वहिनी गेली वीस वर्षं खुरपायला जाताना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, तोंडाला स्कार्फ आणि त्यावर पदर. फ्लेक्सवाल्या पोराने फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाला, "याला काय करायची गरज न्हाय." नव्या फ्लेक्सवर भाऊ खाली कोपऱ्यात आहेत, रुपयाएवढे. त्या मापात वांग दिसत नाही.

मास्क भाऊंनी वहिनींना देऊ केला. वहिनींनी किंमत विचारली, तेवढ्यात एक गाभण शेळी आली असती असं सांगितलं आणि विषय संपवला. तेव्हा मास्क विकायचा आहे, चार्जरसकट, वापर कमी. घ्यायचा असेल त्याने भाऊंना गाठावं. तालुक्यात कुठेही दशक्रिया असली की ते सकाळी तिथे असतातच, अजूनही टोपीशिवाय.