पगार गिऱ्हाइकाने का द्यायचा?

तासाला २ डॉलर १३ सेंट. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे टिपवर काम करणाऱ्या वेटरला मालकाने द्यायची ही किमान रोख मजुरी. १९९१ पासून हा आकडा एका सेंटानेही वाढलेला नाही. त्या साली जन्मलेली मुलगी आज तिशी ओलांडून गेली. ती टेक्सासात किंवा जॉर्जियात वेट्रेस असेल, तर मालक तिला आजही तेवढ्यावर राबवू शकतो. इतर कामगारांसाठी केंद्रीय किमान मजुरी ७ डॉलर २५ सेंट आहे. मधली ५ डॉलर १२ सेंटांची खोट गिऱ्हाइकाने टेबलावर पैसे ठेवून भरून काढायची. नाहीच भरली, तर मालकाने भरावी असं कायदा सांगतो. पण आठवड्याचा हिशोब घेऊन मालकापुढे उभं राहायची हिंमत कुणाची? पुढच्या आठवड्यात शनिवारची पाळी कुणाला द्यायची, हेही मालकच ठरवतो.

एवढ्या श्रीमंत देशात लाखो माणसांची रोजीरोटी परक्यांच्या मर्जीवर टांगलेली आहे, आणि तिथे बहुतेकांना त्यात वावगं वाटत नाही. मला वाटतं.

अमेरिकन माणूस वर हे तत्त्व म्हणून सांगतो. जो राबेल त्याला फळ. हसतमुखाने वाढ, जास्त कमव. मध्ये सरकार कशाला? तो हे मनापासून सांगतो, यात शंका नाही. पण याच देशाला शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी टिपची शिसारी होती. ही युरोपातल्या सरदार-उमरावांची खोड. लोकशाहीत एका नागरिकाने दुसऱ्यापुढे हात पसरणं शोभत नाही, असं लोक उघड बोलत. वॉशिंग्टन राज्याने १९०९ मध्ये टिपवर चक्क कायद्याने बंदी घातली. आयोवा आणि दक्षिणेतली काही राज्यं त्याच वाटेने गेली. १९२६ पर्यंत हे सगळे कायदे रद्द झाले. आजोबांना जे अमेरिकेला न शोभणारं वाटत होतं, ते नातवाला अस्सल अमेरिकन वाटू लागलं. हा पालट कुणाच्या पथ्यावर पडला, ते बघा.

यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं. गुलामगिरी कायद्याने गेली. लाखो काळी माणसं मोकळी झाली, पण हाती ना जमीन ना पैसा. दोन वर्षांनी जॉर्ज पुलमनने रेल्वेच्या शयनयानांची कंपनी काढली आणि डब्यातल्या चाकरीसाठी पोर्टर म्हणून मुद्दाम हीच माणसं घेतली. त्यांनी बिछाने घालायचे, सामान उचलायचं, प्रवासी झोपले की रात्री त्यांचे बूट चमकवून ठेवायचे. महिन्याला ४०० तास काम. पगार तुटपुंजा, बाकी प्रवासी देतील त्यावर भागवा. प्रवासी त्यांचं नावही विचारत नसत. सगळ्यांना सरसकट ‘जॉर्ज’ म्हणत, मालकाच्या नावावरून, जसं गुलामाला मालकाचं नाव लावत. पन्नाशीच्या, नातवंडं असलेल्या माणसाला मिसरूडही न फुटलेल्या पोराने ‘ए जॉर्ज’ म्हणायचं आणि त्याने हसत ‘येस सर’ म्हणून धावायचं. घरची चूल त्या नाण्यांवर पेटणार होती. या हसण्याला सेवाभाव म्हणायची माझी तयारी नाही.

ए. फिलिप रँडॉल्फ यांनी १९२५ मध्ये या पोर्टरांची संघटना बांधली. बारा वर्षं झगडून १९३७ मध्ये कंपनीला करारावर सही करायला लावली. महिन्याचे तास २४० वर आले, पगार वाढला. त्या माणसांना भीक नको होती, घामाचा दाम हवा होता. पुढच्याच वर्षी देशात किमान मजुरीचा कायदा आला, पण हॉटेल-रेस्टॉरंटातली माणसं त्यातून वगळली गेली. १९६६ मध्ये त्यांना आत घेतलं ते अर्ध्या दाराने: टिप मिळते ना, मग मालकाने निम्मीच मजुरी दिली तरी चालेल. १९९६ मध्ये तो निम्म्याचा धागाही तोडला आणि २.१३ चा आकडा तिथेच गोठवला.

आणि ज्या फळाच्या नावाने हे चालतं, ते तरी कामाप्रमाणे मिळतं का? कॉर्नेल विद्यापीठातल्या मायकेल लिन यांनी आयुष्यातली कितीतरी वर्षं टिपच्या अभ्यासात घातली. सेवा किती चांगली आणि टिप किती मिळाली, यांचं नातं त्यांना अगदीच कमजोर आढळलं. दक्षिणेतल्या एका रेस्टॉरंटातल्या पाहणीत तर काळ्या वेटरांना गोऱ्यांपेक्षा कमी टिप मिळत होती, आणि कमी देणाऱ्यांत काळी गिऱ्हाइकंही होती. या धंद्यात बहुसंख्य बायका आहेत. गिऱ्हाइकाने दंडाला हात लावला, नको ते बोललं, तरी गिळायचं, कारण त्याच हातात तिच्या घरभाड्याचे पैसे आहेत. दुपारी दोननंतर हॉटेल रिकामं होतं, तेव्हा ती कोपऱ्यातल्या टेबलाशी उभी राहून कागदी रुमालात काटे-चमचे गुंडाळते, केचपच्या बाटल्या पुसते. त्या वेळात टिप कुठली?

आपली मंडळी यात आहेतच. डॅलसजवळच्या प्लेनोमध्ये मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले एक सातारकर वडील मी टेबलावर पाहिले. काळ्या रेक्झिनच्या पाकिटातून ७४ डॉलरचं बिल आलं. मुलगा म्हणाला, “बाबा, वर पंधरा डॉलर लिहायचे असतात.” वडिलांनी चष्मा सारखा केला. “अरे, द्यायचेच असतात ना? मग बिलातच लावायला यांना काय होतं?” इतकी वर्षं तिथे राहिलेल्या मुलाला उत्तर देता आलं नाही. कारण ते कुणाकडेच नाही.

पण म्हणून हात आखडणाऱ्यांना माझी माफी नाही. ‘आमच्याकडे नाही बुवा ही पद्धत’ म्हणत दोन डॉलर ठेवून निघणारे आपल्यात आहेत. ही चोर सोडून संन्याशाला फाशी आहे. मालकाचं काहीच बिघडत नाही, रिकाम्या हाताने घरी जाते ती वेट्रेस. टेक्सासात जेवलात तर वीस टक्के मोजा, जमलं तर रोख द्या. पद्धतीवरचा राग काढायचा तर मतपेटीत काढा, आणि तिथले नागरिक झालेल्या मराठी माणसांना ते करता येतं.

सुधारणा सोपी नाही, हेही खरं. डॅनी मायर या न्यूयॉर्कच्या नामवंत हॉटेलवाल्याने २०१५ मध्ये आपल्या रेस्टॉरंटांतून टिप काढायचं जाहीर केलं आणि पदार्थांचे भाव त्या हिशोबाने वाढवले. २०२० मध्ये त्याला टिप परत आणावी लागली. मेन राज्यात २०१६ च्या मतदानात वेटरांना पूर्ण किमान मजुरी मंजूर झाली, तर पुढच्या वर्षी वेटरच विधिमंडळात गेले आणि जुनीच पद्धत परत मागून घेतली. महागड्या हॉटेलात शनिवारी रात्री राबणाऱ्याला टिपच परवडते, हे मी समजू शकतो. पण हायवेवरच्या खानावळीत मंगळवारी दुपारी उभ्या असलेल्या बाईचं काय? कॅलिफोर्निया, मिनेसोटा, अलास्का धरून सात राज्यांत मालकाला पूर्ण किमान मजुरी द्यावीच लागते. सॅन फ्रान्सिस्कोतली आणि सिएटलमधली हॉटेलं त्यापायी ओस पडलेली नाहीत.

उलट आता हे लोण वेट्रेसच्या टेबलापलीकडे पसरलं आहे. काउंटरवर साधी कॉफी घ्या, समोरचा पोरगा टॅब्लेट तुमच्याकडे वळवतो: १८, २०, २५ टक्के. ‘नाही’चं बटण बारीक अक्षरात, मागे रांग उभी. तो पोरगा नजर दुसरीकडे वळवतो, कारण त्यालाही ते आवडत नाही. पगारवाढ द्यायची वेळ आली की मालकाने यंत्र पुढे करायचं आणि संकोच मात्र या दोघांनी वाटून घ्यायचा.

२०२४ च्या निवडणुकीत ट्रम्प आणि हॅरिस या दोघांनीही टिपवरचा कर काढायचं वचन दिलं. जुलै २०२५ मध्ये कायदा झालाही: वर्षाला २५ हजार डॉलरपर्यंतच्या टिपवर केंद्रीय आयकरात वजावट, २०२८ पर्यंत. ज्या वेट्रेसची कमाईच इतकी कमी की आयकर जेमतेम लागतो, तिच्या पदरात यातून काही पडत नाही. आत भांडी घासणाऱ्याला टिप नाही, म्हणून वजावटही नाही. मालकाला एक पैसा जास्त द्यावा लागलेला नाही. २ डॉलर १३ सेंटांना त्या कायद्याने हातही लावला नाही. संसदेने आधी तो आकडा खोडावा, कराचं मग बघता येईल.