सोफ्याला विचारून रंगवू नका

नव्या घराचा ताबा मिळतो, सुतारकाम उरकतं आणि हॉलची एक लांबलचक भिंत मोकळी राहते. मग ठरतं, इथे आपणच एक ॲब्स्ट्रॅक्ट रंगवू. फार चांगला बेत आहे. विकत आणून टांगलेल्या सात धावत्या घोड्यांपेक्षा कितीतरी चांगला. पण पाठोपाठ पुढचं वाक्य येतं आणि घोळ तिथेच होतो. "सोफा राखाडी, उशा मोरपिशी. तेव्हा तेच दोन रंग घेऊ आणि वर थोडं सोनेरी."

अशानं चित्र होत नाही, सोफ्याची आणखी एक उशी होते. ती भिंतीवर लटकते, एवढाच फरक.

सोफ्याचं कापड चार-सहा वर्षांत विटतं, पडदे त्याआधी बदलतात. चित्राचा रंग त्यांच्याकडून उसना घ्यायचा कशाला? तुम्हाला खरोखर ओढ लावणारा रंग कोणता, ते आधी ठरवा. कुणाला कोकणातल्या ओल्या जांभ्याचा लाल आठवेल, कुणाला पहिल्या पावसाआधी आभाळ भरून येतं तेव्हाचा शिसवी रंग. तो रंग उशांशी भांडला तर भांडू द्या. उशांचे अभ्रे बदलता येतात.

दुसरी गोष्ट त्याहून जास्त डाचते. "अमूर्त घेऊ, ते सोपं असतं." नाक-डोळे काढायला नकोत, रंग फासला की झालं, हा समज घराघरांत आहे. खरी परिस्थिती नेमकी उलटी आहे. घोडा काढताना पाय आखूड झाला तर घोडाच तसं सांगतो. अमूर्तात सांगणारं कुणी नसतं. कुठे जास्त झालं, कुठे कमी पडलं आणि कधी थांबायचं, हे सगळं तुमच्या डोळ्यांनाच ठरवावं लागतं. आणि त्या डोळ्यांना आजवर कुणी काही विचारलेलं नसतं. शाळेत चित्रकलेच्या तासाला आपल्याला झोपडी, डोंगर, सूर्य आणि नदी एवढंच शिकवलं. रंग नुसता रंग म्हणून बघायला सांगितलंच नाही. म्हणून पहिल्यांदा रंगवायला बसणाऱ्या प्रत्येकाची मला काळजी वाटते आणि कौतुकही वाटतं.

चित्रकार वासुदेव गायतोंडे हे नाव अलीकडे बातम्यांत येतं ते लिलावाच्या आकड्यांमुळे. १९६१ सालचं त्यांचं एक चित्र २०२१ मध्ये जवळजवळ ४० कोटी रुपयांना गेलं, हे सगळे सांगतात. नागपुरात जन्मलेला, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून १९४८ साली पदविका घेऊन बाहेर पडलेला हा माणूस वर्षाला जेमतेम पाच-सहा चित्रं करायचा, हे फारसं कुणी सांगत नाही. रोलर, पॅलेट नाइफ, कागदाचे तुकडे अशी त्यांची साधी हत्यारं. रंग चढवायचा, काढायचा, पुन्हा चढवायचा. बाकीचा वेळ बघण्यात आणि विचारात जायचा. तुम्ही गायतोंडे व्हायला निघालेला नाही, मान्य. तरी त्यांच्याकडून बघत बसण्याची सवय घेता येते आणि तिला पैसे पडत नाहीत.

आता रंगवायला बसा. दोन बाय अडीच फुटांचा तयार कॅनव्हास आणा. ॲक्रिलिकचे रंग चारच घ्या. यलो ऑकर, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन आणि पांढरा. चोवीस नळ्यांचा डबा दुकानातच राहू द्या. पहिला थर ऑकरचा, पाणी घालून पातळ केलेला, कडांसकट सगळीकडे. वाळू द्या. हात लावल्यावर गार लागला तर अजून ओला आहे. मग अल्ट्रामरीनमध्ये थोडा बर्न्ट सिएना मिसळा. नळीतल्या तयार काळ्यापेक्षा कितीतरी जिवंत असा निळसर काळा मिळतो. तो जाड लावा आणि ओला असतानाच पॅलेट नाइफ किंवा बाद झालेलं एटीएम कार्ड जोर देऊन आडवं ओढा.

आता जवळ जाऊन बघा. कापडाच्या विणीचे जे उंचवटे आहेत, तिथला काळा निघून गेला आणि खालचा पिवळा वर आला. विणीच्या खोलगट जागी काळा अडकून राहिला. जिथे हात जरा हलका पडला, तिथे पिवळा फक्त चमकून गेला आणि कार्डाच्या कडेला रंगाची बारीक वरंबी उभी राहिली. चार बोटं रुंदीच्या त्या पट्ट्यात जे घडलंय, ते छापील पोस्टर कधी देऊ शकणार नाही. तुमच्या मनगटाचा जोर तिथे जसाच्या तसा नोंदला गेलाय.

इथे बहुतेकांचा धीर सुटतो. "अजून थोडं हवं" म्हणत ओल्या निळ्यावर ओला नारिंगी घोळवला जातो आणि दोन्ही रंग मळकट होऊन बसतात. थर वाळेपर्यंत हात आवरा. पावसाळ्यात तर दुप्पट आवरा. ॲक्रिलिक वाळल्यावर थोडा गडद होतो, तेव्हा ओल्या रंगावरून निकाल लावू नका. कॅनव्हासची वरची बाजू खाली करून तो भिंतीला टेकवा आणि येता-जाता बघत राहा, सकाळच्या उजेडात आणि रात्री दिव्याखाली. पिवळ्या दिव्याखाली निळे रंग विझतात. रात्रीच हॉलमध्ये बसणाऱ्या घराला हे आधी कळलेलं बरं.

मोबाइलवर दहा मिनिटांत पेंटिंग करून दाखवणारे व्हिडिओ आहेत. मास्किंग टेप चिकटवा, रंग ओता, टेप ओढा, झालं. टेपमध्ये वाईट काही नाही. राग येतो तो त्या घाईचा. रंगवण्यातला सगळा आनंद ज्या विचारात आणि थांबण्यात आहे, तोच कापून टाकून हे लोक उरलेलं साल विकतात.

महागाच्या सामानाशिवाय चित्र होत नाही, हा धाकही सोडा. चित्रकार प्रभाकर बरव्यांनी दारं-खिडक्यांना लावतात तो एनॅमल कॅनव्हासवर वापरला आणि त्यातून स्वतःची वेगळी चित्रभाषा उभी केली. मात्र खरी चित्रं समोर उभं राहून बघण्याला पर्याय नाही. मुंबईत असाल तर जहांगीर आर्ट गॅलरीत जा, तिथे तिकीट नाही. चित्राच्या समोरून बघून झालं की बाजूला सरकून तिरप्या नजरेनं बघा. थर कुठे किती जाड आहे, ते तिथून दिसतं.

टांगायचं कुठे, हे शेवटी बघू म्हणून सोडू नका. वाड्यांतल्या पूर्वजांच्या तसबिरींची सवय आपल्याला अजून आहे, म्हणून चित्र छताजवळ जातं आणि माना वर करून बघावं लागतं. चित्राचा मध्य जमिनीपासून पावणेपाच ते पाच फुटांवर ठेवा. पावसाची झड खाणारी बाहेरची भिंत टाळा. तिथे ओल धरते, कॅनव्हास सैल पडतो आणि मागून बुरशी चढते. आतली भिंत घ्या आणि मागच्या चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा म्हणजे हवा खेळेल.

पाहुणे विचारतील, "हे काय काढलंय?" ढग, समुद्र, मन असलं काहीबाही सांगून सुटका करून घेऊ नका. त्यांना चित्राजवळ न्या. खाली कोणता रंग आहे, तो कुठे खरवडलाय, काळा कशातून झालाय, ते बोट ठेवून दाखवा. बघता बघता त्यांचंही बोट पुढे येईल आणि डाव्या कोपऱ्यात निळा जास्त झालाय असं ते म्हणतील. कदाचित ते बरोबरही असतील.